न थांबणाऱ्या बाबागाडीतलं बोरन्हाण

शालनकाकींच्या नातीची पळायची बाबागाडी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी थांबायची बंद झाली, ती काही केल्या थांबेना.

तीन मोठ्या चाकांची, लाल कापडाची गाडी. काकींची सून स्नेहल पोलीस भरतीची तयारी करत होती. पोरीला घरी ठेवलं तर पोर रडून गल्ली गोळा करायची, म्हणून स्नेहलनं एका डॉक्टरीणबाईंची जुनी गाडी घेतली आणि ईश्वरीला तीत बसवून ती मैदानाला फेऱ्या मारायची. त्या सकाळी फेऱ्या संपल्या, स्नेहल थांबली, गाडी थांबली नाही. ब्रेक दाबला. ब्रेक लागला, चाकं मात्र फिरतच राहिली. स्नेहल तशीच पळत घरापर्यंत आली आणि दारावरून पुढं जाता जाता ओरडली, "आत्या, ही थांबत नाही!"

"मग तू कशाला थांबतीस? पळ की! भरतीला बरंच आहे."

पुढच्या फेरीला काकींनी पोरीच्या हातात बिस्किट दिलं.

घराला सवय व्हायला वेळ लागला नाही. गाडी गल्लीला वळसा घालून परत दारात यायची. ज्याचे हात मोकळे त्यानं दांडा धरायचा. काकी वरणभाताची वाटी घेऊन शेजारून पळायच्या. लंगोट वळणावर बदलायचा, कारण वळणावर गाडी जरा दमानं घ्यायची. पोरीला उचलून घेतलं की रिकामी गाडी एकटीच हायवेच्या दिशेनं सुटायची आणि पोर तिच्यासाठी असा टाहो फोडायची, की धावत जाऊन परत आत ठेवावीच लागायची.

नगरपालिकेच्या वाहन खात्यातले हुल्याळकर चौकशीला आले. तेही गाडीबरोबर पळत बोलले.

"गाडी थांबत नाही, ही तक्रार आहे की माहिती?"

"माहिती," काकी म्हणाल्या.

"मग हरकत नाही. तक्रार असती तर गाडी उभी करून पंचनामा करावा लागला असता, आणि ती तर उभी राहत नाही."

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर रथसप्तमी आली. ईश्वरीचं पहिलं बोरन्हाण राहिलं होतं, आणि रथसप्तमी उलटली की गेलं ते वर्ष. मिरजेहून विहीणबाई रत्नमाला हलव्याचे दागिने घेऊन आल्या. त्यांनी गाडी जाताना पाहिली, परत येताना पाहिली, आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "पाटावर बसवल्याशिवाय बोरन्हाण होत नाही. तुमच्याच्यानं जमत नसेल तर सांगा. पोरीला मी घेऊन जाते, ती तिकडंच राहील. माझ्याकडं पाट आहे."

"पाट आमच्याकडंपण आहे. गाडीत मावत नाही एवढंच." काकींनी करवत घेतली, पाट दोन्ही बाजूंनी कापला आणि पळत जाऊन पोरीच्या बुडाखाली सारला. "बसली पाटावर! आता बोला!"

दुपारी गल्लीतल्या बायका सुपं घेऊन ओळीनं उभ्या राहिल्या. काळं झबलं, हलव्याचा मुकुट घातलेली ईश्वरी आली. सगळ्यांनी एकदम बोरं, कुरमुरे, हलवा उधळला. तोवर ती पुढं गेली होती. मागून शिंद्यांचं कुत्रं येत होतं, त्याच्या डोक्यावर सगळं पडलं.

"झालं कुत्र्याचं बोरन्हाण," विहीणबाई म्हणाल्या. "सरा. मी ओवाळते आधी."

त्या तबक घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. गाडी काही थांबली नाही, पण विहीणबाईंभोवती तिनं तीन फेऱ्या मारल्या. बोरन्हाणाला आवर्जून आलेल्या हुल्याळकरांकडं बायकांनी पाहिलं.

हुल्याळकरांनी विचार केला. "मध्ये कोण होतं?"

"मी!"

"भोवती कोण फिरलं?"

"पोर."

"मग औक्षण तुमचं झालं, बाई. पोरीचं बाकी आहे."

विहीणबाई लालबुंद झाल्या. "शालनताई, एक सूप उरलंय. हेही वाया गेलं तर पोरीचे कपडे भरायला घ्या!"

घर त्या गाडीच्या चाकांवर चाललं होतं. पोर गेली तर सकाळी उठून कुणासाठी पळायचं? मग काकींना रागच आला. पदर खोचून त्या अख्ख्या गल्लीवर खेकसल्या, "बायांनो, उभ्या काय राहताय पाहुण्यांसारख्या? ती थांबत नाही तर तुम्ही पळा!"

"माझे गुडघे!" विहीणबाई म्हणाल्या.

"आणा बरोबर त्यांनाही!"

सगळ्या निघाल्या. गाडी मध्ये, पुढंमागं बायका, कडेनं पोरंटोरं, आणि सगळ्यांचा वेग एकच. त्यामुळं एकमेकींना सगळ्या उभ्याच दिसत होत्या. घरं तेवढी मागं पळत होती, पण घरांना कुणी बोलावलंच नव्हतं. विहीणबाईंनी ओवाळलं, ज्योत मागं झुकली, विझली नाही. काकींनी सूप उचलून उधळलं. बोरं वर गेली, सगळ्यांबरोबर थोडी पुढं आली आणि बरोबर ईश्वरीच्या मुकुटावर टपटपली. पोर खिदळायला लागली. पोरांनी तिच्या मांडीतली बोरं पळता पळता वेचली.

"पाटावर बसून, जागच्या जागी," हुल्याळकर धापा टाकत म्हणाले. "बोरन्हाण झालं."

तिथं गाडी थांबली.

बायका थांबल्या नाहीत. त्यांना थांबताच येईना, आणि खरं सांगायचं तर कुणी फार प्रयत्नही केला नाही. सुपं वाजवत, हसत, एकमेकींना ढकलत सगळा घोळका पुलाकडं निघाला. गाडीचा दांडा धरून स्नेहल मागं एकटी उभी राहिली. पोर तोंडात कुरमुरे कोंबत होती.

"आत्या, कधी येणार?"

"आता काय सांगू! पोरीची दृष्ट काढ, अन् भात लाव!" काकी ओरडल्या. मग शेजारी पळणाऱ्या विहीणबाईंना म्हणाल्या, "अन् पोरीला मिरजेला कधी नेताय?"

विहीणबाईंचा अंबाडा सुटला होता, तबक डोक्यावर होतं, आणि त्या सगळ्यांच्या पुढं निघाल्या होत्या.

"राहू दे तिला तुमच्याकडंच! आधी पुढं बघा शालनताई, उतार लागलाय!"