कोंडवाड्यात हरिबा

आटपाडीकडच्या माळावर करंजओढे नावाचं गाव आहे. त्या गावात सन त्रेसष्ट साली सरकारी अनुदानातून कोंडवाडा बांधण्यात आला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडायचं आणि मालकाकडून दंड घेऊन सोडायचं, हा त्याचा उद्देश. घडीव दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पाण्याला सिमेंटचा हौद आणि दारावर निळ्या अक्षरांत पाटी. गावची शाळा मारुतीच्या देवळात भरत होती आणि दवाखाना अजून अर्जातच होता, त्यामुळे कोंडवाडा ही गावातली सर्वांत देखणी इमारत ठरली. पाव्हणारावळा आला की लोक त्याला आधी मारुती दाखवत आणि मग कोंडवाडा.

अडचण एकच होती. कोंडायला जनावर नव्हतं. आदल्या उन्हाळ्यानं माळ पार खरवडून काढला होता. कशाबशा पेरण्या उरकल्या, उरलीसुरली वैरण संपली, आणि लोकांनी आपापली गुरं कृष्णाकाठच्या सोयऱ्यांकडे जगायला धाडली. ज्वारी मात्र यंदा बरी आली होती. सुगी होऊन कडबा निघाला की गुरं परत आणायची असा बेत होता. तोवर गावात जनावर म्हणायला सरपंच लालासाहेबांची चंद्री म्हैस तेवढी होती, आणि ती मोकळीच हिंडायची. येणाऱ्या साहेबलोकांच्या चहाला दूध लागतं, म्हणून तिचं हिंडणं सार्वजनिक हिताचं समजलं जाई.

अशात तालुक्याहून पत्र आलं. कोंडवाडा बांधून इतके दिवस झाले, अद्याप एकही जनावर दाखल नाही, याचा खुलासा व्हावा. येत्या सोमवारी बीडीओ साहेब समक्ष पाहणी करतील. कोंडवाडा रिकामा आढळल्यास पुढील अनुदानाचा फेरविचार करण्यात येईल. पत्र वाचून ग्रामसेवक राजाराम गुरव यांना घाम फुटला. पुढील अनुदानातून पंचायतीच्या कचेरीवर पत्रा पडायचा होता, आणि पावसाळ्यात त्या कचेरीत भिजणारे तेच होते.

शनिवारी गावातला हरिबा आटपाडीचा बाजार करून रानाकडे निघाला होता. ओढ्याकाठी त्याचं स्वतःचं एक पट्टीभर रान होतं. तिथं जायची पाऊलवाट सरपंचांच्या ज्वारीतून जात होती. चालता चालता त्यानं एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर घातली आणि हुरडा तोंडात टाकला. यात काही वावगं आहे असं त्या मुलखात कुणी मानत नाही. उभ्या पिकात पाखराचा वाटा असतो, मुंगीचा असतो, तसा वाटसरूचाही असतो, असं त्याची आई म्हणायची. बांधावर सरपंच आणि ग्रामसेवक उभे होते.

"काय चाललंय रं हरिबा?" सरपंचांनी विचारलं.

"हुरडा खातुय. गोड हाय. यंदा तुमचं रान लय झ्याक आलंय."

ग्रामसेवकांना कोंडवाड्याचे नियम पाठ होते. ते त्यांनी मनातल्या मनात हरिबाला लावून पाहिले. परक्याच्या रानात शिरला? शिरला. उभं पीक खाल्लं? खाल्लं. खाताना मालक बरोबर नव्हता? नव्हता. दाखल करायच्या तक्त्यात बैल, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, गाढव असे रकाने होते आणि शेवटचा रकाना 'इतर' असा होता. शासनानं तो काही उगाच ठेवला नसणार.

"पर भाऊसाहेब, त्यो मानूस हाय," सरपंच म्हणाले. सरपंच मनानं वाईट नव्हते.

"मनुष्य हा एक प्राणी आहे, असं शाळेच्या पुस्तकात छापलंय. पुस्तक शासनाचं, नियमही शासनाचे. एकाच शासनाची दोन मतं कशी असतील?"

"त्यापरास चोरीचा गुन्हा घालू की."

"त्याला हवालदार आणावा लागेल. आला की त्याला कोंबडी लागेल. आणि चोर चौकीत जमा होतो, सरपंच. आपल्याला सोमवारी दाखवायचा आहे तो कोंडवाडा."

हरिबाला वाटलं, थट्टा चालली आहे. तो हसत हसत बरोबर गेला. पंचायतीचा शिपाई मौला यानं कोंडवाड्याचं दार उघडलं. "आत ये गड्या. दोन मिन्टाचं काम हाय म्हनत्यात," असं तो म्हणाला, पण वर काही बघेना. नियमाप्रमाणे त्यानं हरिबापुढे कडब्याची पेंढी टाकली. नियमात नव्हती ती भाकरी पेंढीखाली सरकवली.

दाराला कडी लागली तेव्हा हरिबाचं हसू आटोपलं. "दंड काय आसंल त्यो मी भरतो, भाऊसाहेब. सोडा मला."

"जनावराला स्वतःचा दंड स्वतः भरता येत नाही. मालकानं यायचं, ओळख पटवायची, दंड भरायचा आणि घेऊन जायचं. तुझा मालक कोण?"

हरिबानं बोटांवर घरची माणसं मोजून पाहिली. "मला मालक न्हाई."

"मग तू बेवारस. बेवारस जनावराचा मुदतीनंतर लिलाव होतो," ग्रामसेवकांनी शांतपणे सांगितलं, आणि ते जेवायला गेले.

कोंडवाड्याच्या दाराच्या गजांतून ओढ्यापलीकडचं हरिबाचं रान दिसत होतं. हीच त्याची खरी पंचाईत झाली. ज्वारी हुरड्यावर आलेली, घरचं वर्षाचं खाणं तेवढंच, आणि राखणीला कुणी नाही. बायको भामाबाई कोंडवाडा ते चावडी आणि चावडी ते कोंडवाडा अशा खेपा घालण्यात गुंतलेली. पोपट आले. त्यांनी आपला वाटा घेतला आणि गेले. मग दिवस कलताना चंद्री आली.

"मौला, म्हस! माज्या रानात म्हस शिरली बग."

"दिसतीया. पर ती चंद्री हाय."

"मंग काय झालं? हाक तिला. आन हितं."

"हरिबा, तिला हितं कोंडली तर सोमवारी सायबांच्या च्याला दूद कुठलं आनायचं?"

हरिबा गज धरून बघत राहिला. चंद्रीला कसली घाई नव्हती. खाल्लं त्याच्या दुप्पट ती तुडवत होती.

भामाबाई ग्रामसेवकांपुढे उभी राहिली. हातात विळा होता, कारण ती रानातून तशीच आली होती.

"तुम्ही या जनावराचे मालक का?" त्यांनी विचारलं.

"मी बायकू त्येंची. मालक त्येच की आमचं."

"म्हणजे तुम्ही त्याच्या. तो तुमचा नव्हे. आता जनावराच्या मालकीची जी चीजवस्तू असेल, तीसुद्धा नियमानं..." इथं ग्रामसेवकांची नजर विळ्यावर गेली आणि पुढचा कायदा त्यांनी मनातच ठेवला.

रविवारी स्वतः सरपंच गजाशी आले. "हरिबा, मी मालक म्हनून सही करतो. कागदावर तेवढंच. लगीच सुटशील."

"अन् मंग?"

"मंग काय? हायेस तसा ऱ्हा. मतं आली की मी सांगीन तिथं शिक्का मार."

"आताबी तसंच मारतो की."

"मंग कागदावर आलं तर काय बिगाडतंय?"

हरिबाला याचं उत्तर सुचलं नाही. तरी त्यानं नाही म्हटलं. असं उत्तर न सुचता नाही म्हणणारी माणसं गावाच्या प्रगतीला अडथळा आणतात, असं सरपंच जाताना मौलाजवळ बोलले.

सोमवारी बीडीओ साहेब जीपमधून आले. बरोबर गुरांचे डॉक्टरही होते. भरलेला कोंडवाडा बघून साहेबांची मुद्रा खुलली. 'इतर' या रकान्यात काहीतरी भरलेलं ते नोकरीत प्रथमच बघत होते. डॉक्टरांनी हरिबाचा जबडा उघडून दात पाहिले आणि वय चाळिशीच्या आसपास असल्याचं सांगितलं. हरिबानं जबडा सोडवून घेतला आणि हुरड्यापासून म्हशीपर्यंत सगळी हकिकत साहेबांना सांगितली. साहेबांनी चहा पीत ती शेवटपर्यंत ऐकली.

"आवाज खणखणीत आहे," ते म्हणाले. "नेहमी बोलतो का?"

"बोलतो साहेब, पण त्रास काही नाही," ग्रामसेवकांनी खुलासा केला.

साहेबांनी शेरा लिहिला. कोंडवाड्याचा वापर समाधानकारक. जनावर सोशिक, लाथ मारत नाही. या गावाकडून अधिक संख्येची अपेक्षा आहे.

तेवढ्यात भामाबाई पुढं आली. दोन दिवसांत ती नियम शिकली होती. "ह्ये जनावर माजं हाय, सायेब. दंड आनलाय. सोडा त्येला."

"ओळखीची खूण?" साहेबांनी विचारलं.

"उजव्या खांद्यावर जुवाचा घट्टा."

साहेबांना काही कळलं नाही, तेव्हा तिनं सांगितलं. उन्हाळ्यात त्यांच्या जोडीतला एक बैल गेला. पेरणी थांबत नाही. मग राहिलेल्या बैलाच्या जोडीला हरिबानं आपला खांदा दिला. रानभर कुळव ओढला, पाभर ओढली. तिनं मागं राहून दोघांनाही हाकलं. बैलाला फटका बसायचा तसा चुकून एखादा त्यालाही बसायचा.

डॉक्टरांनी हरिबाची बंडी बाजूला केली. खांद्यावर भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखी काळी, कडक कातडी होती. "आहे," ते हळूच म्हणाले. मौलानं तोंड फिरवलं. आम्हीही ही गोष्ट सांगताना इथं थोडे थांबतो, कारण इथं आम्हाला हसू येत नाही.

ग्रामसेवकांना मात्र फार बरं वाटलं. हा मनुष्य जनावर नसल्याची जी थोडी शंका त्यांच्या मनात होती, ती फिटली. "ओळख पटली," असं म्हणून त्यांनी पावती फाडली आणि हरिबाला भामाबाईच्या ताब्यात दिलं.

साहेबांची जीप तालुक्याला परतली. हरिबा मात्र घरी गेला नाही. तो थेट रानात गेला. निम्मी पट्टी भुईसपाट झाली होती आणि उरलेल्या निम्मीत चंद्री उभी होती. त्यानं तिच्या शिंगाला कासरा बांधला आणि तिला गावातून मिरवत कोंडवाड्यावर आणलं. अख्खं गाव मागं आलं.

"घ्या भाऊसाहेब. परक्याच्या रानात शिरली, उबं पीक खाल्लं, मालक बरूबर नव्हता. हिचा रकाना तर छापलेलाच हाय."

ग्रामसेवकांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच म्हणाले, "चंद्री जनावर न्हाई. घरातली हाय. आमच्यात तिला कुनी म्हस म्हनत न्हाई. घरातल्या बायकांच्या आदी ती जेवती."

प्रश्न नाजूक होता, म्हणून तिथल्या तिथं पंचायतीची बैठक भरली. सदर चंद्री ही सरपंचांच्या घरची असल्याने तिला कोंडवाड्याच्या कामी मनुष्य समजण्यात यावं, असा ठराव एकमतानं झाला.

"बरं. मानूस तर मानूस," हरिबा म्हणाला. "मंग चोरीचा गुन्हा घाला तिच्यावर."

हवालदार आले. त्यांनी कोंबडी खाल्ली आणि फिर्याद ऐकली. आरोपीकडे पाहून त्यांनी पहिली अडचण सांगितली ती अशी, की दिवस मावळल्यावर बाईमाणसाला चौकीत ठेवता येत नाही. सकाळी त्यांना म्हसवडच्या बंदोबस्ताला जायचं होतं. सबब चंद्रीला जातमुचलक्यावर सोडण्यात आलं. अंगठ्याच्या जागी खूर उमटवण्यात आला. हरिबाची राहिलेली ज्वारी तिनं मोकळ्या मनानं संपवली, कारण आता ती मुचलक्यावर होती आणि तिला कोणी हात लावू शकत नव्हतं.

पुढल्या साली पंचायतीची निवडणूक लागली. पंचायतीत बायकांच्या जागा होत्या. त्यांवर आजवर सरपंचांची चुलती आणि मेहुणी अशा दोघी असत, आणि त्यांचे अंगठे घरीच चुलीपाशी घेतले जात. यंदा भामाबाईनं अर्ज भरला. गावातल्या बायका तिच्या मागं उभ्या राहिल्या. पुरुषांनाही ते पटत होतं, फक्त त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही. भामाबाईचा अर्ज छाननीत बाद झाला. नवरा 'इतर'मध्ये दाखल असल्याची नोंद तिच्या आड आली. चुलती थकली होती, तेव्हा तिच्या जागी चंद्रीचा अर्ज आला. तो लगेच मंजूर झाला. ठरावच तसा होता.

ती बिनविरोध निवडून आली. आता बैठकीला ती सरपंचांच्या उजव्या हाताला असते. विषय वाचून झाला की ग्रामसेवक तिच्याकडे बघतात. ती रवंथ करत असते, त्यामुळे मान हलते, आणि मान हलली की ठराव मंजूर होतो. चुलतीच्या वेळेपेक्षा कामकाज सुरळीत चालतं असं सगळेच सांगतात. वाटसरूंनी आणि पाखरांनी परक्याच्या पिकाला तोंड लावू नये, हा ठराव तिच्याच काळातला आहे. वाटसरू आता लांबच्या रस्त्यानं जातात. पोपटांनी नोटीस घेतलेली नाही.

हरिबानं पुढल्या पेरणीला पुन्हा खांदा दिला, कारण बैल अजून एकच होता.

करंजओढ्याचं तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. कोंडवाडा अजून शाबूत आहे, साहेबांना अधिक संख्येची अपेक्षा आहे, आणि 'इतर'च्या रकान्यात जागाही पुष्कळ आहे. त्या बाजूला येणं झालं तर आपला मालक बरोबर घेऊन या. मला मालक नाही म्हणाल, तर हरिबाही तेच म्हणत होता. निघण्याआधी सदऱ्यात हात घालून आपला उजवा खांदा तेवढा एकदा चाचपून बघा.