उकळतं पाणी आणि द्वारकावहिनी

संभाजीनगरच्या कचेरीतून निवृत्त होऊन मी खुलताबादच्या शेतावर आलो आणि आल्या आल्या दूध काढायचं मशीन आणलं. गाईंनी फक्त उभं राहायचं, बाकी विज्ञान बघेल, असं मी गावभर सांगितलं. विज्ञानानं पंधरा दिवसांत दोनदा दूध नासवलं. संकलन केंद्राचे नानासाहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा नासलं तर तुमचं दूध बंद."

दोष मशीनच्या धुण्यात होता. माझ्या थोरल्या भावाची बायको, द्वारकावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दूध काढलं की लगेच कोमट पाणी फिरवायचं. मग गरम पाणी अन् सोडा. मग उन्हात टांगायचं."

"कोमट पाण्यानं जंतूंची अंघोळ होते, वहिनी. मी थेट उकळतंच ओतणार."

"ओता की. दोन्ही करून बघू."

बादल्या दोन, नळ्यांचे जोडही दोन. एक माझा, एक त्यांचा. आठ दिवस मी असं पाणी उकळलं की गोठ्याचा हमामखाना झाला.

नवव्या दिवशी नानासाहेबांनी दोन्ही बादल्यांचं दूध काचेच्या दोन नळ्यांत घेऊन त्यात निळं औषध टाकलं. निळा रंग जितका टिकेल तितकं दूध स्वच्छ. माझ्या दुधाचा रंग माझा चहा संपायच्या आत उडाला. वहिनींचं दुपारपर्यंत निळंशार.

"ही निळी तुमचीच असणार, साहेब," नानासाहेब म्हणाले आणि माझ्या गळ्यात हार घातला. मी मान नकारार्थीच हलवली होती, पण गळ्यात हार असला की मान कशीही हलवा, लोकांना होकारच दिसतो. वहिनी पदराआड हसत होत्या.

"रविवारी समद्यांना तुमची पद्धत दाखवा," नानासाहेब म्हणाले.

रविवारी गोठ्यात चाळीस शेतकरी जमले. सवयीनं मी उकळत्या पाण्याचं भांडंच उचललं. शेजारचा सांडू म्हणाला, "साहेब, मी असंच करतो, तर दूध नळ्यांना आतून करपल्यागत चिकटून बसतं."

मी भांड्यात डोकावून बघितलं.

"म्हणून तर भाऊजी आधी कोमट फिरवतात," वहिनी मागून म्हणाल्या. "व्हय ना, भाऊजी?"

"व्हय," मी म्हणालो आणि भांडं खाली ठेवलं.

वहिनी सांगत गेल्या, मी धूत गेलो. टाळ्या लई पडल्या. आमचं दूध आता पंचक्रोशीत पहिलं आहे आणि त्या धुण्याला सगळे 'साहेबांची पद्धत' म्हणतात. ती बघायला पार सोयगावहून माणसं येतात, म्हणून दोन्ही वेळा मशीन मीच धुतो. वहिनी बाजेवर चहा पीत पाहुण्यांना सांगतात, "भाऊजींच्या हाताबिगर मशीन स्वच्छ निघतच नाय."