पणजीची ना-हरकत

जनुकात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा फेरफार करायचा असेल तर पुढच्या पिढ्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणून रंजिता उईके हिच्या अर्जावर तहसील कार्यालयात सुनावणी ठेवली गेली आणि तिची पणती व पणतू साडेदहाच्या बसने सुनावणीला आले. पणती मैनाबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या, त्यांचा धाकटा भाऊ वारलू अठ्ठावन्नचा. दोघांच्या जन्माला अजून पन्नासहून जास्त वर्षं अवकाश होता. रंजिता सव्वीस वर्षांची होती आणि तिचं लग्न अजून ठरायचं होतं.

रंजिता मोहटोल्याच्या टपाल कार्यालयात पोस्टमास्तर होती. तिला सिकलसेलचा आजार होता. आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं होतं, आणि त्यापायी तिच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होत. त्या बारीक नसांत अडकल्या की हाडं आतून कोणीतरी पिळतंय असं दुखायचं. अशा दिवशी ती शिक्का खाली ठेवायची, खिडकी लावून घ्यायची आणि टपालाच्या पोत्यांवर आडवी व्हायची. थोरला भाऊ मुकेश याच आजाराने एकोणिसाव्या वर्षी गेला होता.

नागपूरच्या एका इस्पितळात बिघडलेलं जनुक कापून दुरुस्त करतात, हे कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज भरला. अर्जावर दोन चौकोन होते, 'केवळ स्वतःपुरता' आणि 'वंशासह'. तिने विचार न करता दुसऱ्या चौकोनात खूण केली. आपलं कुठलंही लेकरू पोत्यांवर पडून दात आवळणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

नोटीस पंधरा दिवस फलकावर लागली. चौदाव्या दिवशी मैनाबाईंची हरकत आली. पंधराव्या दिवशी वारलूची त्या हरकतीवर हरकत आली.

सुनावणी नायब तहसीलदार नलिनी बारसागडे यांच्यापुढे होती. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि अर्जातली एकही ओळ त्या वाचायची सोडत नसत. मैनाबाई आत आल्या, त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ रंजिताच्या पायांशी वाकल्या.

"पाया पडते, पणजी."

रंजिताने पाय खुर्चीखाली ओढले. "अहो, असं काय करता? तुम्ही मोठ्या आहात."

"वयाने आहे. नात्याने तूच मोठी."

कारकुनाने दोघांची ओळखपत्रं तपासली आणि तो घुटमळला. "मॅडम, जन्मतारीख पुढची आहे."

"ओळखपत्राची मुदत संपली आहे का?"

"नाही."

"मग चालेल. बसा."

मैनाबाईंनी उभ्यानेच जबाब दिला. "मी चौतीस वर्षांची असताना आमच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत ताप आला. मलेरियाच होता, पण एकही औषध लागू पडेना. एक्केचाळीस माणसं होतो, सतरा उरलो. मग डॉक्टर आले, त्यांनी रक्त तपासलं. उरलेल्यांतल्या बहुतेकांत या जनुकाची एकच प्रत निघाली. एकच असली तर आजार होत नाही, आणि तो ताप अंगात फार चढत नाही. माझ्यात एक आहे, ती पणजीकडून आलेली. तिने आज ती पुसली तर मी त्या तापात जाईन. एवढंच सांगायला आले."

वारलू काठी टेकवत पुढे आला. तो खुर्चीवर एका अंगाला कलून बसला, दुसऱ्या बाजूवर भार न देता. मुकेश असाच बसायचा. रंजिताने खिडकीकडे पाहिलं आणि थोड्या वेळाने नजर परत आणली.

"माझ्यात दोन आहेत जी," वारलू म्हणाला. "एक मायकडून, एक बापाकडून. अठ्ठावन्न वर्षं झाली, मले दुखते. खुबा गेला म्हणून ही काठी. ताईचा ताप एका वर्षाचा, माझं दुखणं रोजचं. पणजीने 'वंशासह' लिहिलं ते बरोबर लिहिलं. ताईच्या हरकतीला माझी हरकत आहे."

बहीणभाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. ते बसमध्येही वेगवेगळ्या बाकांवर बसून आले होते.

बारसागडे बाईंनी पान उलटलं. "तापाच्या वर्षी आपण कुठे होतात?"

"घरीच. अंथरुणावर."

"आपल्याला ताप होता?"

"होता. मान उचलता येत नव्हती."

"पाणी कोण देत होतं?"

वारलू काठीची मूठ चोळत राहिला. कारकुनानेही लिहिणं थांबवलं.

"ताई," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"तेवीस."

"हे जबाबात घेऊ?"

"घ्या जी. पण माझं दुखणंही लिहा."

"ते आधीच लिहिलंय."

मैनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. रंजिताने बोलण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाल्यावर वारलूला विचारलं, "तुमच्या काळात तुम्ही स्वतः अर्ज का केला नाही?"

"केला होता. ते म्हणाले, ज्या पूर्वजाकडून जनुक आलं त्याची ना-हरकत आणा. पणजी तोवर वारली होती."

"कधी वारली?"

बारसागडे बाईंनी पेन वर केलं. "तो प्रश्न या सुनावणीच्या कक्षेत येत नाही."

सकाळी घरून निघताना रंजिताला खात्री होती, आणि आता समोर दोन माणसं बसली होती, दोघंही तिचीच, दोघांचंही म्हणणं खरं. एकीला वाचवावं तर दुसऱ्याची हाडं दुखत राहणार. तिने पुन्हा एकदा वारलूच्या कललेल्या खांद्याकडे पाहिलं. मग तिने अर्ज मागून घेतला, 'वंशासह'वर आडवी रेघ मारून बाजूला सही केली आणि 'केवळ स्वतःपुरता' या चौकोनात खूण केली. त्यानंतर तिने एक कोरा कागद मागितला.

त्यावर तिने लिहिलं: 'माझ्या रक्तातल्या कोणालाही, केव्हाही, स्वतःच्या जनुकात बदल करायचा असेल तर माझी हरकत नाही. करायचा नसेल तरीही हरकत नाही. मी हयात असो वा नसो, हाच कागद चालवावा.'

"म्हणजे दुखणं पुढे जाणारच," मैनाबाई हळूच म्हणाल्या. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

"जाईल, पण उपायही त्याच्यासोबत जाईल," रंजिता म्हणाली. "ज्याचं रक्त त्याने ठरवावं. मला तुमची वर्षं इथून दिसत नाहीत. जे दिसत नाही ते पुसून टाकायला माझा हात धजत नाही."

"अन् माझी अठ्ठावन्न?" वारलूने विचारलं.

"ती मला परत देता येत नाहीत." तिने तो कागद त्याच्यापुढे सरकवला. "उरलेली देते."

"किती उरली ते कोणाले ठाऊक?"

"माझी तरी कुठे कोणी सांगितली?"

वारलू हसला. हसताना त्याला खुब्यात कळ आली, तरी तो हसत राहिला. मग त्याने कारकुनाकडून कोरा अर्ज घेतला. जन्मदाखल्याच्या रकान्यात बारसागडे बाईंनी स्वतः शेरा मारला: 'जन्मानंतर सादर करावा.' दोन्ही अर्ज एकाच आदेशाने मंजूर झाले.

नागपूरला पणजी आणि पणतू शेजारशेजारच्या खोल्यांत होते. डॉक्टरांनी दोघांच्या मूळ पेशी काढून घेतल्या, त्यातलं जनुक दुरुस्त केलं, जुनी अस्थिमज्जा औषधांनी रिकामी केली आणि दुरुस्त पेशी परत सोडल्या. डॉक्टर फार थोडं हसत. जनुक कापणारी कात्री चुकीच्या जागी लागली तर काय होऊ शकतं हे त्यांनी दोघांना तीनदा समजावलं आणि प्रत्येक वेळी सही घेतली. पुढची पंधरा वर्षं तपासणीला यावं लागणार होतं. वारलूने विचारलं, कोणत्या वर्षापासून मोजायची? डॉक्टर म्हणाले, तुमच्या सोयीने. दोघांचेही केस गळले. मैनाबाई काचेबाहेर बसून राहायच्या आणि पणजी जेवली का, हे आधी विचारायच्या, भावाचं नंतर.

चौथ्या महिन्यात दोघांना घरी सोडलं. वारलूचा झिजलेला खुबा काही परत आला नव्हता, काठी तशीच होती, पण हाडांतली पिळवटणारी कळ थांबली होती. रंजिताला गेल्या सात आठवड्यांत एकदाही आडवं व्हावं लागलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. कंडक्टरने कशीबशी दोघांपुरती जागा करून दिली.

"बस, पणजी," मैनाबाई म्हणाल्या.

"तुम्ही दोघं बसा. मला उभं राहायचंय."

ती वरचा दांडा धरून उभी राहिली. बस खड्ड्यांतून निघाली, जंगल लागलं, दोन तास गेले. तिच्या पायांना फक्त उभं राहिल्याचा शीण आला होता. असा साधा शीण तिला नवाच होता. ती तो लक्ष देऊन अनुभवत होती.

तिकिटं फाडत कंडक्टर मागे आला, तेव्हा त्याने बाकावरच्या पिकल्या माणसांकडे आणि उभ्या रंजिताकडे पाहिलं.

"काय काका," तो वारलूला म्हणाला, "पणजी उभी अन् तुम्ही बसले?"

"तिनंच सांगितलं जी. मोठ्यांचं ऐकावं लागते."

कंडक्टरला ते पटलं. त्याने दोरी ओढून घंटी दिली आणि तो पुढच्या बाकाकडे वळला.