डबीसाठी वीतभर खिडकी

आमच्या घरात हवा असते, पण ती हलत नाही. हा नियम घराइतकाच जुना आहे आणि त्याची अंमलबजावणी माझ्या सासूबाई विदोसावा, वय वर्षे चौऱ्याऐंशी, जातीने करतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की आरपार वारा सुटतो. आरपार वाऱ्याने मान धरते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं गारठतात आणि सुनांना मुलं होत नाहीत. आमच्या बनात प्रांताच्या सपाट मुलुखात याबद्दल दुमत नाही. सासूबाईंचे दीर १९७४ साली ट्रॅक्टरखाली गेले हे खरं. पण त्याआधी ते अर्धा तास दोन उघड्या दारांच्या मधे बसले होते, ही नोंद घरात आवर्जून केली जाते.

अशा घरात मार्चच्या दुसऱ्या सोमवारी टीव्हीची डबी तापली.

डबी म्हणजे इंटरनेटवरचं चित्र टीव्हीवर आणणारी, साबणाच्या वडीएवढी काळी वस्तू. आमची मुलगी तियाना डब्लिनला असते, तिने ती पाठवली होती. सासूबाईंची मालिका ऐन रंगात असताना चित्र गेलं आणि पडद्यावर मजकूर आला : ‘यंत्र अति तापले आहे. थंड होईपर्यंत सेवा स्थगित.’ मजकूर इतका सभ्य होता, की मी मोठ्याने “बरं” म्हणाले.

एरवी आम्ही थांबलो असतो. पण येत्या रविवारी, आमच्या घड्याळाने अकरा वाजता, डब्लिनमधल्या आमच्या पंथाच्या चर्चमध्ये तियानाच्या मुलाचा, वुकाशिनचा, बाप्तिस्मा होता आणि तो इंटरनेटवर थेट दिसणार होता. सासूबाईंना विमानाची मनाई. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख मिळालेली, पण पुढच्या वर्षीची. मोबाइलवर त्यांना पणतू आणि पाव यातला फरक कळत नसे. मोठ्या पडद्यावर दिसला तरच दिसला.

“मी त्याला एकदा पाहिला की झालं,” त्या म्हणाल्या. असलं वाक्य त्या दहा वर्षं वापरतायत, पण दर वेळी आवाज चढवून. या वेळी हळू म्हणाल्या, म्हणून मी घाबरले.

इथे एक खुलासा करते. त्या घरात तापणारी डबी एकटीच नव्हती. माझं वय बावन्न. गेली तीन वर्षं दिवसातून पाच-सहा वेळा छातीपासून कानांपर्यंत माझी भट्टी पेटते आणि पाच मिनिटांनी विझते. मात्र माझ्या कपाळावर मजकूर उमटत नसल्याने त्याची दखल घेण्याची तरतूद नव्हती. असो. विषय डबीचा आहे.

माझा नवरा ल्युबिशा याने तांत्रिक पाहणी केली. म्हणजे डबीवर हात ठेवला आणि “तापलीय” असा अहवाल दिला. मग मी कारण शोधलं. ते समोरच होतं : डबीवर सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. आमच्याकडे टीव्हीवर, फोनवर, शिलाई मशीनवर रुमाल असतो. उघडी वस्तू दिसली की या घरात बाई नाही, असा अर्थ होतो.

“आई, हा काढावा लागेल.”

“म्हणजे उघडी ठेवू? लोक काय म्हणतील?”

“कोण लोक?”

“येणारे.”

“आपल्याकडे कोणी येत नाही, आई.”

“का येत नाहीत, याचा विचार केलायस कधी?”

वाटाघाटींअंती रुमाल डबीवरून काढून डबीखाली गेला. डबी तापतच राहिली. मंगळवारी ल्युबिशाने तिला फ्रिजमध्ये, लाल मिरचीच्या चटणीच्या बरणीशेजारी ठेवलं. तासाने बाहेर काढली तेव्हा तिला दरदरून घाम फुटला होता. तिची आणि माझी पहिली ओळख त्या क्षणी झाली, असं आता वाटतं.

दुसरं कारण होतं रेडिएटर, म्हणजे वाफेने खोली गरम ठेवणारं लोखंडी धूड. टीव्ही त्याला खेटून आहे. दुसऱ्या भिंतीवर कुलदैवत असलेल्या संताची तसबीर, आणि टीव्हीसाठी संताला जागा सोडायला लावणं कोणालाच मंजूर नव्हतं. रेडिएटर बंद करावा, तर आमच्या इमारतीत त्याला चावी नाही. वाफ गावाच्या बॉयलरमधून येते, पंधरा ऑक्टोबर ते पंधरा एप्रिल, नगरपालिकेच्या निर्णयानुसार. बाहेर ऊन पडलंय याची निर्णयाला कल्पना नसते. मी उष्णता कार्यालयात फोन लावला.

“तक्रार लिहून घेतो,” तिथला माणूस म्हणाला. “घरात थंडी किती?”

“थंडी नाही. उकडतंय. सत्तावीस अंश आहे.”

“बाई, आमच्याकडे थंडीचा फॉर्म आहे. उकाड्याचा नाही.”

“मग मी काय करू?”

“थंडीचाच भरा. आकड्याच्या आधी वजा टाका.” मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “खिडकी का नाही उघडत?”

“घरी सासूबाई आहेत.”

पलीकडे शांतता पसरली. कोणी गेल्याचं कळल्यावर पसरते तशी. “समजलो,” तो म्हणाला. “आमच्याही आहेत.”

बुधवारी डबीच्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर एक मुलगी लागली. ती कागदावरचे प्रश्न ओळीने वाचत होती.

“काकू, तिच्या पाठीशी काही गरम वस्तू आहे का?”

“आहे. कायम.”

“वर काही टाकता का?”

“टाकतो. आता खालूनही टाकतो.”

“चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा?”

“नाही गं.”

“काम नसेल तेव्हा बंद करून विश्रांती देता?”

“विश्रांती?” मी तो शब्द उच्चारून पाहिला.

“अहो काकू, मग ती तापणारच. त्यात तिची चूक नाही.”

का कोण जाणे, माझे डोळे भरून आले.

“काकू, आहात ना लाइनवर?”

“आहे. ते शेवटचं परत वाच ना.”

तिने परत वाचलं. मग उपाय सांगितले : टीव्हीच्या पाठीला थेट खोचू नका, लांब वायर लावून बाजूला काढा, वीज टीव्हीतून नको, स्वतःच्या प्लगमधून द्या, तापली तर अर्धा तास काढून ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. “आणि सगळ्यात महत्त्वाचं, काकू, खोलीत हवा खेळू द्या.”

त्या संध्याकाळी कौटुंबिक बैठक झाली. मी कागदावर मुद्दे काढून आणले होते. तीन माणसांसमोर, त्यातली एक मीच, मी डबीच्या हक्कांवर वीस मिनिटं बोलले. म्हटलं, तिच्याकडून दिवसभर काम घ्यायचं आणि वाऱ्याची झुळूक द्यायची नाही, हा कुठला न्याय? ती बोलत नाही म्हणून तिला काही होत नाही असं समजायचं का? बोलता बोलता माझा आवाज कापायला लागला. ल्युबिशाने मला पाणी आणून दिलं. “एवढं मनाला नको लावूस, ग्रोझ्दाना,” तो म्हणाला. “नवीन आणू हवी तर.”

सासूबाईंनी मनातल्या मनात तोलून पाहिलं. एका बाजूला दिवंगत दीर, दुसऱ्या बाजूला पणतू. शेवटी निर्णय दिला : खिडकी वीतभर उघडेल. फक्त रविवारी. फक्त डबीसाठी. घरातल्या माणसांनी त्या वाऱ्याचा लाभ घेऊ नये आणि डोकं, मान व कंबर झाकून बसावं.

रविवारी अकराला आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. लोकरी टोप्या, गळ्याला मफलर, कमरेला शाली. मागे रेडिएटर निर्णयानुसार धगधगत होता. डबी लांब वायरीच्या टोकाला, खिडकीच्या कट्ट्यावर, उघडीबोडकी, वाऱ्यात विसावली होती. पडद्यावर वुकाशिन आला, गुबगुबीत, संतापलेला, भिंतीएवढा. सासूबाई पुढे झुकल्या.

“आपल्या ह्यांची हनुवटी,” त्या म्हणाल्या.

पुरोहिताने बाळाला पाण्यात बुडवलं. इतक्यात सासूबाई ओरडल्या, “दार! त्याच्या मागे दार उघडंय! ओलं पोर आरपार वाऱ्यात धरलंय मेल्यांनी! दार लावा!” पडद्यावर कोणीतरी योगायोगाने जाऊन दार लावलं. “ऐकलं,” त्या समाधानाने टेकल्या. डबीवरचा त्यांचा विश्वास तिथे पक्का झाला.

आणि तेव्हाच माझी भट्टी पेटली. टोपीखालून घामाच्या धारा लागल्या. मी नकळत उठले, खिडकीशी गेले आणि ती वीतभर गार हवा तोंडावर घेतली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“हट तिथून!” सासूबाई म्हणाल्या. “तिचा वारा अडवतेस.”

मी हटले. बाळाला सुकं करून पांढरं झबलं घालेपर्यंत चित्र एकदाही अडकलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात मी कॉफी करत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, टोपीसकट. माझ्या लाल तोंडाकडे बघत होत्या.

“मलाही व्हायचं ते,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं.”

“मग खिडकी का नाही उघडलीत, आई?”

“कोणासाठी उघडणार? तेव्हा घरात डबी नव्हती.”

पंधरा एप्रिलला वाफ बंद झाली. रेडिएटर गार पडला, डबी तापेनाशी झाली, आणि गरज उरली नाही म्हणून खिडकी सन्मानाने बंद करण्यात आली. माझी भट्टी मात्र निर्णयानुसार चालत नाही.

तेव्हापासून ती पेटली की मी क्रोशाचा रुमाल घेते, चौपदरी घडी घालते आणि कोणाचं लक्ष नसताना डबीवर ठेवते. मिनिटभरात मजकूर येतो. मी रुमाल उचलते. “तापली गं तापली!” सासूबाई हाक मारतात, ल्युबिशा धावत जाऊन खिडकी उघडतो, आणि मी डबीच्या शेजारी उभी राहते. वारा न अडवता. परवा घडी घालताना लक्षात आलं, की सासूबाईंनी दुसरा रुमाल विणायला घेतलाय. जाड सुताचा.

तुम्ही म्हणाल, बाईने सरळ सांगायचं होतं. बरोबर आहे. वीस मिनिटं बोलता येत होतं मला, सगळे मुद्दे तोंडपाठ होते. फक्त ते माझे आहेत हे कळलं नाही. पण तुम्हीही हे वाचून उठाल आणि घरात काय तापलंय ते बघायला जाल. आधी डबीलाच हात लावाल, हवी तर पैज लावा.