निम्मं धरणारे गेनूमामा

आमच्या शेजारचे गेनूमामा होडीत पाय ठेवण्याआधी वहाणा काढत. मुळशी धरणाच्या काठावर राहणाऱ्यांना होडी ही बैलगाडीइतकी साधी गोष्ट. लोक चिखलाच्या पायांनी चढत, शेळ्याही चढत. मामा मात्र वहाणा काखेत धरून बसायचे आणि पलीकडे उतरल्यावर घालायचे. लहानपणी मी कारण विचारलं, तर म्हणाले, "फळ्या झिजत्यात." होडी त्यांची नव्हती.

दुसरी खोड म्हणजे कुणी काहीही कबूल केलं, की मामा निम्मं धरायचे. लग्नात जिलबी आहे म्हटलं, की घरून भाकरी खाऊन निघायचे. मी बी.ए. झाल्याचं सांगायला गेलो, तेव्हा हातावर गुळाचा खडा ठेवत म्हणाले, "निम्मं धरलं तरी आपल्या गावात पयलाच हायेस." शाळेत असताना भर पावसात मला खांद्यावर घेऊन होडीत बसवणारा माणूस हाच. त्यामुळे तेवढं कौतुक मला पुष्कळ झालं.

नोकरी लागल्यावर पहिल्या मे महिन्याच्या सुटीत मी त्यांना आगबोटीनं मुंबईहून रत्नागिरीला न्यायचं ठरवलं. मोठ्या बोटीत एकदा बसायचं, असं ते कैक वर्षं म्हणत होते. का, ते सांगत नसत.

"खुर्चीत बसायचं मामा, गार वारा घ्यायचा, चहा प्यायचा," मी म्हणालो.

"निम्मं धरतो."

"कशाचं निम्मं?" आतून मामी म्हणाल्या. "ह्या खेपंला पुरं धरलंया त्यांनी. चार रोज झाले, डोळ्याला डोळा न्हाई."

मुंबईच्या धक्क्यावर, बोटीला लावलेल्या फळीपाशी मामा थांबले आणि त्यांनी वहाणा काढल्या. मागची सगळी रांग अडली.

"आजोबा, देऊळ नाही हे," तिकीट बघणारा म्हणाला.

"ठावं हाय," म्हणून मामा अनवाणी चढले. बोटीचा पत्रा उन्हानं तापलेला. एक पाय उचलत, दुसरा टेकवत ते पुढे गेले.

खुर्च्या वरच्या वर्गाला होत्या. आमच्या वाट्याला एक ट्रंक आणि कोंबड्यांची पाटी यांच्यामध्ये चटईभर जागा आली. चहा आला तो निवलेला. बोट खोल पाण्यात डुलू लागली, तशी मला उलटी झाली. मामांनी माझ्या नाकाशी लिंबू धरलं. "तू पुरं धरलं हुतंस, म्हून उलटी झाली."

दुपारी ते कठड्याशी उभे राहून खाली पाण्यात बघत होते. जवळच एक म्हातारा खलाशी दोर गुंडाळत होता.

"पावनं, हितं खाली कुटलं गाव हाय?"

"गाव? खाली दर्या आहे, बाबा."

"त्यो दिसतोय की. त्येच्या खाली?"

"काही नाही."

शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मामांनी काखेतल्या वहाणा खाली ठेवल्या आणि पायांत घातल्या.

मामांचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ते विशीतले, माझ्या त्या वेळच्या वयाचे होते. हे मला माहीत होतं. आमच्याकडे पाणी म्हणजे खाली कुणाचं तरी घर. दुसरं पाणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. फळ्या झिजण्याची गोष्ट खोटी होती, एवढं मला त्या कठड्याशी उमगलं.

थोड्या वेळानं ते पुन्हा खलाशाकडे वळले. पुढचा प्रश्न घेऊनच ते घरून निघाले असावेत.

"तुमी पान्यातलं मानूस. घर पान्याखाली किती वर्सं टिकतं?"

खलाशी हसला नाही. त्यानं दोर बाजूला ठेवला. "कशाचं घर?"

"जोतं दगडाचं. वर समदं लाकूड. उंबरा सागवानी हुता, बानं बशिवल्याला."

"लाटा वर असतात, बाबा. खोल पाणी फारसं हलत नाही. दगड जागचा जाणार नाही." त्यानं दोर पुन्हा उचलला. "लाकडाचं मात्र सांगता येत नाही."

मामांनी मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"निम्मं धरलं, तरी जोतं हाय म्हनायचं."