भिंतीवरची शेवटची ओळ

डोळे तपासणी केंद्राचा नियम सरळ होता: आधी तक्ता, मग कॅमेरा. तक्त्याची शेवटची ओळ ज्याला वाचता येणार नाही, त्याच्याच डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा. ज्याला येईल त्याच्या कार्डावर ‘दृष्टी उत्तम’ असा शिक्का मारून त्याला घरी पाठवायचं. अंगातली साखर आतून पडदा पोखरत असते, तेव्हाही माणूस तक्ता खडाखडा वाचतो. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, नियमाला नव्हतं.

सुनेपासून गल्लीपर्यंत सगळेच ज्यांना आत्याबाई म्हणत, त्यांच्या अंगात बारा वर्षांची साखर होती. जिभेवर मात्र तिचा कणही कधी उतरला नव्हता. शाळा दुसरीत सुटलेली. पण दरवर्षीच्या तपासणीला पहिल्या वर्षी गेल्या तेव्हा रांगेत पुढे तेवीस माणसं होती आणि दाराआडून शेवटची ओळ तेवीसदा ऐकू आली. चारचौघांत, त्यातही सुनेसमोर, नापास होणं त्यांच्या रक्तात नव्हतं. खुर्चीत बसून त्यांनी ठणकावून सांगितलं, “प, न, ल, ह, ग.” शिक्का बसला. पुढची दोन वर्षंही बसला. केंद्रात कुणीच नापास होत नसल्याने केंद्राला बक्षिसाची ढाल मिळाली. ती ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून कॅमेऱ्यावर चादर घालून त्यावर ठेवली.

चौथ्या वर्षी आत्याबाईंचा चहा कपाऐवजी बशीत पडू लागला, मग टेबलावर. सून काही बोलली की त्या म्हणत, कप तूच सरकवतेस. पण एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळ्या धाग्यांचा गुंता उतरला आणि पुसूनही हलेना. तेव्हा त्यांनी गुपचूप सुनेचा हात धरला. ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

केंद्रात त्यांनी तपासनिसाला सांगितलं की आपल्याला दिसत नाही, ओळ पाठ केली होती. एवढं कबूल करताना त्यांचा जीव अर्धा झाला. तपासनिसाने कार्ड पाहिलं आणि नोंद चुकत नसते असं समजावलं. हवं तर पुन्हा वाचा, म्हणाला.

सून भिंतीकडे बघत राहिली. “पण इथे तक्ता कुठंय?”

“रंगकामाला उतरवला होता. दोन वर्षं झाली,” तो शांतपणे म्हणाला. “अडत नाही. सगळे वाचतात.”

“मग हिला नापास करा आणि फोटो काढा,” आत्याबाई स्वतःकडे बोट दाखवत म्हणाल्या.

“तक्त्याशिवाय नापास कसं करणार? आणि नापास झाल्याशिवाय कॅमेरा नाही. नियम आहे. तो बघा, फलकावर लिहिलाय.”

“मला दिसत नाही,” आत्याबाई म्हणाल्या. भिंत चाचपत त्या शेजारच्या खोलीत गेल्या, ढाल उचलून सुनेच्या कडेवर दिली, चादर ओढली आणि कॅमेऱ्यावर हनुवटी टेकवली. “दाब बटण. नियमाने विचारलं तर सांग, म्हातारी आंधळी होती, फलक दिसला नाही तिला.”

तपासनिसाने दाबलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला. डावा डोळा लेझरने राखता येईल, उजव्याला मात्र उशीर झाला होता.

“वर्षभर आधी यायला हवं होतंत, आजी.”

“आले होते,” आत्याबाईंनी कार्ड पुढे केलं. “शिक्का आहे.”

केंद्राला यंदाही ढाल मिळाली. तक्ता अजून रंगकामालाच आहे. तुम्हाला ही शेवटची ओळ नीट वाचता आली ना? मग दृष्टी उत्तम. कॅमेऱ्याची गरज नाही, घरी जा.