मेलेल्या फ्रेंचांची चौकशी

माझा धाकटा भाऊ बाळकृष्ण मेलेल्या फ्रेंच लेखकांची चौकशी करतो. चौकशी म्हणजे मुलीला स्थळ सांगून आल्यावर आपल्यात करतात ती. मुलगा काय करतो, घरात कोण कोण आहे, दारू पितो का, रागीट आहे का. लंडनमध्ये ज्या घरात कधीकाळी एखादा फ्रेंच लेखक राहून गेला, त्या घरासमोर बाळू उभा राहतो, कोटाच्या खिशातून वही काढतो आणि शंभर-दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला पास किंवा नापास करतो. आजवर पास कुणीच झालेलं नाही.

मी त्र्याऐंशीची, तो अठ्ठ्याहत्तरचा. आम्ही दोघं लंडनच्या टोकाला इल्फर्डला राहतो, मध्ये दोन रस्ते. आमच्या गावी, सासवडजवळ, मला चौथीतून काढून घरी बसवलं, कारण बाळूला शिकवायचं होतं. तो बी.ए. झाला. त्या बी.ए.चं पुढं हे असं झालं.

मी इकडं लग्न होऊन आले आणि पंचवीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री केली. बाळू नंतर आला, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, लागला. भाड्याच्या खोल्या तपासायचं काम. ओल आहे का, खिडकी उघडते का, चुलीजवळ वारा येतो का. रिटायर झाला तरी हात तसेच राहिले. कुठल्याही घरी गेला की आधी भिंतीला तळहात लावतो. माझ्या नवऱ्याच्या तेराव्यालासुद्धा लोक माझं सांत्वन करत होते आणि हा न्हाणीघराची भिंत चाचपून म्हणाला, “ताई, इथं ओल आहे.”

तर फ्रेंच लेखक. त्यांची नावं मी लिहीत नाही. मला उच्चारता येत नाहीत, आणि बाळू उच्चारतो तीही बरोबर असतील असं वाटत नाही. त्यांचं सगळं मात्र मला पाठ झालंय. एकजण राजाला भिऊन पळून आला. एकजण बायको-मूल तिकडं टाकून आला आणि इथं शिकवण्या करायचा. एकजण कुठली तरी हिरवी दारू प्यायचा. एकाला इथला धूर सोसला नाही, तो घरी पत्रं लिहून लंडनला शिव्या द्यायचा. बाळू लायब्ररीतून पुस्तकं आणतो, पण त्या लोकांनी लिहिलेली नाही. त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेली.

एकदा इथल्या मराठी मंडळात, ज्येष्ठांच्या जेवणाला, त्यानं यावर अर्धा तास भाषण दिलं. लोकांचं वरण निवत होतं. शेवटी कुणीतरी विचारलं की या लेखकांनी लिहिलं काय. बाळू म्हणाला, “ते मी बघत नाही. लिहिण्यात सगळेच चांगले असतात. वागणं बघायचं.”

त्याच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे शिक्षा. माझ्या डोळ्यांची अपॉइंटमेंट होती. परत येताना त्यानं मला दोन स्टॉप आधीच बसमधून उतरवलं, कारण तिथल्या गल्लीत कुणीतरी फ्रेंच कवी आठ महिने राहिला होता. माझ्या डोळ्यांत थेंब घातलेले. मला समोर उभी असलेली बस दिसत नव्हती, आणि हा मला तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवतोय. सोहोमधल्या एका घराखाली आता कॉफीचं दुकान आहे. आत जाऊन त्यानं भिंतीला हात लावला. काउंटरवरच्या मुलीनं काय देऊ म्हणून विचारलं, तर हा तिला वरच्या मजल्यावर हवा खेळती आहे का ते विचारू लागला. मी दोन चहा घेतले, नाहीतर पोरीनं कुणाला तरी बोलावलं असतं. दुसऱ्या एका ठिकाणी घरच नव्हतं, पाडून काचेचं ऑफिस केलं होतं. बाळूनं वहीत लिहिलं: ‘पत्ता लपवला आहे. नापास.’

बाहेरचे लोक म्हणतात, तुमच्या भावाला काय छान छंद आहे. छंद नाही तो. मला कारण माहीत आहे, सांगते.

बाळूला एकच मुलगी, मृणाल. इथंच जन्मली, इथंच शिकली. अकरा वर्षांपूर्वी तिनं घरी सांगितलं की ती एका फ्रेंच माणसाशी लग्न करणार आहे. नाव लोराँ. बाळू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणं संपतं. तो म्हणाला, चौकशी केल्याशिवाय मी मुलगी देत नाही, आणि याची चौकशी कुणाकडे करू? मुलगा नागपूरचा असता तर नागपूरला फोन केला असता. फ्रान्समध्ये माझं कोण आहे? मृणाल म्हणाली, त्यालाच भेटा ना. बाळू म्हणाला, मुलगा स्वतःबद्दल खरं सांगत नसतो. आठ दिवस हेच चाललं. मग मृणाल गेली, तिकडं जाऊन लग्न केलं आणि तिकडंच राहिली.

त्यानंतर दीड वर्षानं बाळूला लायब्ररीत ते पहिलं पुस्तक सापडलं. फ्रान्समध्ये त्याचं कुणी नव्हतं, पण लंडनमध्ये फ्रेंच माणसं राहून गेली होती. त्याच्या हद्दीतली. तो निघाला तपासायला.

माझी भावजय शैला चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मृणाल आणि लोराँ आले होते. दाहिनीबाहेर सगळे रांगेनं बाळूला भेटत होते. लोराँची पाळी आली तेव्हा बाळूनं त्याचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, आल्याबद्दल आभारी आहे. हेच तो त्याच्या आधीच्या माणसाला म्हणाला होता, आणि तो त्यांच्या घरचा गॅस दुरुस्त करणारा माणूस होता. दोघं त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

मग या वर्षी मार्चमध्ये मृणालचा मला फोन आला. बापाला नाही, मला. म्हणाली, आत्या, लोराँचं लंडनला दोन दिवस ट्रेनिंग आहे, शनिवारी मोकळे आहोत, बाबांना भेटायला यावं का? तिचा आवाज लहानपणी खोट्या पोटदुखीच्या वेळी यायचा तसा होता. मी म्हटलं, ये. माझ्याकडे जेवा.

बाळूला सांगितलं तर तो आठवडाभर झोपला नसावा. केस कापून आला. नवा मफलर घेतला. आणि शनिवारी जेवणाआधी त्या दोघांना हिंडवायचा बेत केला. पाच घरं, पाच फ्रेंच. मी म्हटलं, बाळू, घरी बसून बोल. तो म्हणाला, “नाही ताई. त्याला कळू दे, मी त्याच्या माणसांचा किती अभ्यास केलाय.” मी बरोबर गेले, कारण मी नसते तर काय झालं असतं ते मला कळत होतं. मी असूनही तेच झालं.

लोराँ दाढी पांढरी होत आलेला, रुंद खांद्याचा माणूस. लिफ्टची दुरुस्ती करतो. गुडघे कामातून गेलेले. फ्रेंच लेखकांशी त्याचा संबंध माझ्याइतकाच. पहिल्या घरासमोर बाळू इंग्रजीत वीस मिनिटं बोलला. मृणाल फ्रेंचमध्ये सांगत होती. लोराँ मान हलवत होता, येस, येस. दुसऱ्या घराला मृणालचं सांगणं निम्म्यावर आलं. तिसऱ्या घरापाशी लोराँ पायरीवर बसला, तर बाळू त्याला म्हणाला, ही पायरी दुसऱ्याच्या मालकीची आहे. तो बिचारा उठला.

आणि मग बाळूनं वही काढली. जे आजवर फक्त माझ्यासमोर वाचायचा ते सवयीनं मोठ्यानं वाचलं, इंग्रजीत करून. इन्कम अनियमित. बायकोला सोडलं. रागीट. फेल.

मृणालनं विचारलं, “फेल? कशात फेल?”

बाळू मफलर नीट करू लागला. ती माझ्याकडे वळली. मला ऐनवेळी खोटं सुचत नाही. मी म्हटलं, “स्थळ म्हणून.”

तिनं बापाच्या हातातली वही घेतली. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. पण पानं किती आहेत हे कळायला वाचावं लागत नाही. तिनं ती चाळली, मिटली आणि परत दिली. मग हळू आवाजात म्हणाली, “बाबा, यू नो, तुम्ही एवढ्या सगळ्या डेड लोकांची इन्क्वायरी केली. हा तर अलाइव्ह आहे. इथे उभा आहे. याला तुम्ही इलेव्हन इयर्समध्ये एकपण क्वेश्चन नाही विचारला.”

बाळूनं लोराँकडे पाहिलं. लोराँला काही कळलं नव्हतं, तो बायकोकडे बघत होता. मी वाट पाहिली. विचार रे, काहीही विचार, गुडघ्याचं विचार, एवढंच माझ्या मनात. बाळू म्हणाला, “चौथं घर जवळच आहे.”

मृणालनं मला मिठी मारली, जेवायला नाही येत आत्या, म्हणाली, आणि नवऱ्याचा दंड धरून स्टेशनकडे निघाली. लोराँ वळून हात हलवत राहिला. त्याला वाटलं असणार, कार्यक्रम संपला.

चौघांचा स्वयंपाक करून ठेवला होता. आम्ही दोघं जेवायला बसलो. मटारची उसळ, मसालेभात, आणि तिखट कमी घातलेली वेगळी भाजी, ती कुणी घेतली नाही. बाळू बराच वेळ भात चिवडत होता. मग सुरू झाला. की चूक एकट्या त्याची नाही. की रीत दोन्हीकडून असते. की मुलाकडचेसुद्धा मुलीच्या घरची चौकशी करतातच, माणसं कशी आहेत, बाप कसा आहे. त्या माणसाला मुलगी हवी होती, तर त्यानं कधी येऊन विचारलं का? एकदा तरी दार वाजवलं का?

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. हे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मृणालला माहीत आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

“वाजवलं होतं,” मी म्हटलं. “माझं.”

बाळू थांबला.

मी सांगितलं. लग्नाच्या आधी, त्या आठ दिवसांतच, लोराँ एकटा माझ्या दारात आला होता. पत्ता लिहिलेला कागद हातात. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. त्याला बाळूच्या घरी जायचं होतं, पण आधी थोरल्या बहिणीला विचारून. मी त्याला आत घेतलं नाही. चहा विचारला नाही. मला वाटलं, उंबऱ्यातून वळवलं तर कंटाळून जाईल, लग्न मोडेल आणि सगळे सुटतील. लग्न मोडलं नाही. बाकी सगळं मोडलं.

बाळू माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. वहीत लिहून घेताना विचारतो तसं त्यानं विचारलं, “काय विचारलं त्यानं माझ्याबद्दल?”

“तुझ्याकडे येताना काय घेऊन येऊ. तुला काय आवडतं. एवढंच.”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, त्याला काही आवडत नाही. तू परत जा.”

बाळूनं ताटातला एक मटार बोटानं कडेला नेला. मग दुसरा नेला. खिडकीबाहेर शेजाऱ्याचा पोरगा गाडी धूत होता, तिकडं बघत राहिला.

“मला अंजीर आवडतं,” तो म्हणाला. “ताजं. तुला माहीत होतं, ताई.”

माहीत होतं मला. गावी माझ्या वाट्याची अंजिरंसुद्धा त्यालाच द्यायचे.